तीळ कोणत्या गालावर

सुंदरबाईचं माहेर तुटलं ते एका पिक्चरपायी, हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. माहेर शेताच्या वाटणीवरून तुटतं, मानापानावरून तुटतं, आहेराचं लुगडं हलकं निघालं म्हणूनही तुटतं. सुंदरबाईचं तुटलं ते शकू नावाच्या हिरोइनीच्या गालावरच्या तिळावरून. त्यात तिला काही चूक वाटत नव्हती. लुगड्यावरून भांडणाऱ्यांपेक्षा तिळावरून भांडणारी माणसं जास्त तत्त्वाची असतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि शिरपूरला तिच्या नवऱ्याने, तोतारामने, ते इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही तो मान डोलवायचा.

गोष्ट सुरू होते तिच्या माहेरच्या जत्रेपासून. पारोळ्याजवळचं गाव, आणि जत्रेत दर साली तंबूतला सिनेमा यायचा. त्या साली आला होता ‘मुनीमजी गेले कुठे?’ ऐन लग्नाच्या दिवशी सावकाराचे मुनीमजी दागिन्यांच्या डब्यासकट नाहीसे होतात, खोट्या मिशा लावणारा एक गुप्तहेर त्यांना सगळीकडे शोधतो आणि नको तिथेच सापडतो, आणि शेवटी सावकाराची भाची शकू, जी सगळा वेळ भुईमुगाच्या शेंगा खात असते, मुनीमजींना धान्याच्या कणगीतून बाहेर काढते. चोरांच्या भीतीने ते डबा घेऊन कणगीत लपलेले असतात आणि झाकण वरून बंद झाल्यामुळे लग्नाचे लाडू खाऊन दिवस काढत असतात. सुंदरबाई तेव्हा लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, दोन लेकरांची आई. पण कणगीचं झाकण उघडून मुनीमजी जेव्हा ‘वरण आहे का?’ म्हणाले, तेव्हा ती अशी हसली की शेजारी बसलेल्या आईने, झुंबरबाईने, तिच्या पाठीत बुक्की घातली आणि मग स्वतःच हसत सुटली. सगळ्या बायका हसत होत्या. त्या हसण्यावर सुंदरबाईने पुढली कित्येक वर्षं काढली. पऱ्हाटीतला कापूस वेचताना, भाकरी थापताना तिला कणगीतले मुनीमजी आठवायचे आणि ती एकटीच खुदकन हसायची.

तो पिक्चर तिला पाठ होता. शकूच्या उजव्या गालावर तीळ होता, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि शकू डावखुरी होती, शेंगा डाव्या हाताने खायची. एकटी शकूच नाही, त्या पिक्चरमधली सगळीच माणसं डाव्या हाताने जेवत होती. तेव्हा बायकांनी त्याची चर्चाही केली होती आणि मुंबईकडे तशीच रीत असेल, असं ठरवून टाकलं होतं.

पुढे काही वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला, ‘मुनीमजी पुन्हा गेले’. धुळ्याला लागला तेव्हा थोरला भाऊ वाल्मीक मुद्दाम शिरपूरला आला आणि बहिणीला घेऊन गेला. वाल्मीकचं पारोळ्यात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि पिक्चरमधलं आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही, असा त्याचा पक्का समज होता. त्या दिवशी पारोळ्याचे त्याचे चार व्यापारी दोस्तही सोबत होते. त्यांच्यासमोर तो आधीच अर्धी गोष्ट सांगून बसला होता.

ह्या दुसऱ्या भागात मुनीमजी शकूच्या साखरपुड्याला नाहीसे होतात, आणि ह्यावेळी चोरांची टोळी वेषांतर करणारी असते. आचारी खरा आचारी नसतो, भटजी खरा भटजी नसतो, इतकंच काय, एका ठिकाणी गाईतही दोन माणसं निघतात. सुंदरबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती. पडद्यावर शकूचा चेहरा मोठा दिसला तशी ती ताठ झाली. तीळ डाव्या गालावर होता. थोड्या वेळाने शकूने शेंगा खाल्ल्या, त्याही उजव्या हाताने. मग काय राहिलं होतं? इंटरव्हलला दिवे लागले, तशी ती उभीच राहिली आणि आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हाई शकू खोटी शे. खरी शकूना तीळ उजवा गालवर व्हता.”

चार रांगांनी तिच्यावर विश्वास ठेवला, हीच तर पंचाईत झाली. लोक तिच्याकडे वळून विचारू लागले, खरी शकू कुठे असेल, कुणी कोंडली असेल. सुंदरबाईने खरी शकू गाईच्या गोठ्यात असणार, असंही सांगून टाकलं. इंटरव्हलनंतर चारही रांगा खोटी शकू पकडली जाण्याची वाट बघत बसल्या. आचारी पकडला गेला, भटजी पकडला गेला, गाय पकडली गेली. शकूचं लग्न लागलं आणि पिक्चर संपला. चार रांगांनी एकसाथ सुंदरबाईकडे बघितलं. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, ‘बाई, खरी शकू घरी वाट दखी राहिनी.’ सगळं थिएटर हसलं.

सुंदरबाई एकटी असती तर तीही हसली असती. पण वाल्मीकचं तोंड दोस्तांसमोर काळंठिक्कर पडलं होतं. तीळ आधीपासून डाव्याच गालावर होता, असं तो म्हणाला. उजव्या, असं ती म्हणाली. “तू आंधळी शे का?” त्याने विचारलं. मग सगळ्यांसमोर तो म्हणाला, “सुंदर, पिक्चर समजाले डोकं लागस. तू आपली मांगेच बरी.”

डोकं नाही, हे तिने एकवेळ सोसलं असतं. पण आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं म्हणायचं आणि वर मागेच बस म्हणायचं, हे तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिने आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जाणं सोडलं.

खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही, म्हणजे काय ते खानदेशातल्या बाईलाच कळतं. वैशाखात निंबाला झोके टांगलेले असतात, गल्लीगल्लीत लेकीबाळी गाणी म्हणत असतात, पुरुष उघडपणे पत्ते कुटत बसलेले असतात आणि त्या एका दिवशी त्यांना कुणी काही म्हणत नाही. लेकीला आणायला माहेराहून मुराळी येतो. वाल्मीक दर साली मुराळी होऊन शिरपूरला यायचा, सांजोऱ्यांचा डबा ठेवायचा, आणि सुंदरबाई त्याला पाहुण्यासारखा चहा पाजून रिकामा परत पाठवायची. गुरं आहेत, सासूचे पाय दुखतात, तोतारामला खोकला आहे. तोतारामला कधीच खोकला नसायचा, पण वाल्मीकसमोर तो इमानाने खोकून दाखवायचा. पुतण्याच्या, सुकदेवच्या लग्नालाही ती गेली ती अक्षता टाकायला. पंगत उठली तशी निघून आली. आई फाटकापर्यंत मागे आली होती. त्या रात्री सुंदरबाईला जेवण गेलं नाही. माहेराची तिला फार आठवण यायची, हे ती कुणाला सांगत नव्हती एवढंच.

आणि त्या लग्नानंतरच्या आखाजीला मुराळी म्हणून वाल्मीक आला नाही, सुकदेव आला. तो ओट्यावरच बसला आणि म्हणाला, “आत्या, बाबानी दोन्ही पिक्चरन्या कॅसेटी आनेल शेतस. पारोळाथीन व्हीडीओ बी आना. बठ्ठासना समोर सोक्षमोक्ष करू म्हने.”

सुंदरबाईच्या हातातलं सूप थांबलं. आई बोलावते म्हणून ती गेली नसती, भाऊ रडला असता तरी कदाचित गेली नसती. पण सोक्षमोक्ष हा शब्द वेगळा होता. तिने लगोलग लुगडं बदललं. पिशवीत माहेरच्या लेकरांसाठी खाऊ टाकला, दुसरं लुगडं मात्र टाकलं नाही. तीळ उजवीकडे निघाला तर माहेरी राहीन, डावीकडे निघाला तर संध्याकाळच्या गाडीने परत येईन आणि मग पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं तिने तोतारामला सांगितलं.

तोताराम म्हणाला, “जाय, पन जितीसन ये. नहीं ते आनखी पाच वरीस माले तोच पिक्चर ऐकना पडी.”

माहेरी पोचली तेव्हा ऊन रणरणत होतं. झुंबरबाई दारातच उभी होती. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. “उनी व माय,” एवढंच म्हणाली. सुंदरबाई घाईने चपला काढायला वाकली, कारण सोक्षमोक्ष व्हायच्या आत रडणं बरं दिसणार नव्हतं.

आमरसाचं जेवण झालं आणि बैठकीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून अंधार केला. टीव्ही भिंतीकडेला टेबलावर, त्याच्या शेजारी भाड्याचा व्हीडीओ, आणि समोर अर्धं गाव. शेजारच्या बायका आल्या होत्या, पत्त्यांचा डाव मोडून पुरुषही आले होते. टीव्हीसमोरच्या भिंतीला नवं लोखंडी कपाट होतं, दारावर मोठा आरसा असलेलं, सुनेच्या माहेराहून आलेलं. सुकदेवची बायको, नवी सून मंजुळा, घरीच होती, तिचा मुराळी उद्या यायचा होता; पण ती खोलीत नव्हती. सासऱ्यासमोर आणि गावच्या माणसांसमोर नव्या सुनेने पिक्चर बघत बसायचं नाही, ही घरची रीत. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसली होती. तिथून टीव्ही दिसत नव्हता, पण कपाटाचा आरसा दिसत होता आणि आरशात टीव्ही. पोरगी हुशार होती. डोक्यावरचा पदर नीट घेऊन ती आरशाकडे तोंड करून बसली होती आणि समोर शेंगा फोडायला घेतल्या होत्या, कुणी बघितलं तर कामात आहे असं दिसावं म्हणून.

वाल्मीकने पहिली कॅसेट घातली. बहिणीशी तो अजून धड बोलला नव्हता. ‘पानी पेय का?’ एवढंच विचारून झालं होतं. पण तिच्यासाठी त्याने सगळ्यात पुढे चटई टाकली होती.

पिक्चर सुरू झाला आणि सुंदरबाई भांडण विसरली. सावकाराचा वाडा तोच, लग्नाचा मांडव तोच. मुनीमजी डबा छातीशी धरून चोरपावलांनी चालले, तशी ती आधीच हसायला लागली. मग शकू आली. वाल्मीकने व्हीडीओचं बटण दाबलं आणि शकूचा चेहरा जागच्या जागी थांबवला.

तीळ डाव्या गालावर होता.

  जिंकल्यावर वाल्मीकला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झालेला दिसत नव्हता. सुंदरबाई टीव्हीच्या काचेपाशी गेली, बोट लावून बघितलं. तीळ डावीकडेच. शकूच्या हातात शेंग होती, तीही उजव्या हातात. इतकी वर्षं जे मनात जपलं, कापूस वेचताना ज्याच्यावर हसलो, ते आपण स्वप्नात बघितलं की काय, असं तिला वाटलं. हरल्याचं दुःख वेगळं. हे त्याहून वाईट होतं. तिने पिशवी जवळ ओढली. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता, तरी पिशवी ओढली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. “आत्या खरं सांगी राहिन्यात. तीळ उजवाच गालवर शे.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मंजुळाने पदर पुढे ओढून घेतला, पण बोलणं मागे घेतलं नाही. वाल्मीकची बायको ताईबाई सुनेला म्हणाली, “काय बोलस तू? आम्हले बठ्ठासले डावा दिसी राहिना.”

“माले उजवा दिसी राहिना,” मंजुळा म्हणाली. “अन शेंग डावा हातमा शे.”

शेंग डाव्या हातात, हे ऐकलं आणि सुंदरबाई उठली. ती शेंगेबद्दल आज कुणाला काही बोललीच नव्हती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, उंबऱ्याआड मंजुळाच्या शेजारी बसली आणि पोरीच्या नजरेने समोर बघितलं. आरशात शकू होती. तीळ उजव्या गालावर, ज्वारीच्या दाण्याएवढा. शेंग डाव्या हातात. मागे मांडवात बसलेली पंगत डाव्या हाताने जेवता जेवता थांबलेली.

“हाऊच,” ती म्हणाली. “हाऊच पिक्चर मी दखा व्हता.”

वाल्मीक हसला. “सुंदर, आरसामा ते उलटंच दिसी.”

त्याचं बरोबर होतं आणि सगळ्यांना ते पटलं, पण झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या जागी विचार करत होती. तिलाही डाव्या हाताने जेवणारी माणसं आठवत होती. तिने मुलाकडे बघून विचारलं, “वाल्मीक, जत्रामा आम्ही बाया कोठे बठेल व्हत्यात रे?”

वाल्मीकचा हात बटणावर होता, तिथेच राहिला. तंबू त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असणार. मधे पांढरा पडदा. पुढे पुरुष, सतरंज्यांवर. बायका-पुरुषांची सरमिसळ नको, म्हणून बायका सगळ्या पडद्याच्या पलीकडे. उजेड पातळ कापडातून आरपार जायचा आणि चित्र दोन्हीकडे दिसायचं. पाट्यांवरची अक्षरं पलीकडून उलटी दिसत, पण त्या बायकांत वाचणारी होती कोण?

“पडदाना मांगे,” तो म्हणाला.

खोलीतल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जत्रेला त्याही होत्या. मुंबईकडचे लोक डाव्या हाताने जेवतात, हे त्यांनी मग आपापल्या सासरी जाऊन सांगितलं होतं. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. वाल्मीक मात्र हसला नाही. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि बहिणीसमोर खाली बसला.

“घोंगडी बी मीच टाकेल व्हती तठे,” तो म्हणाला. “सुंदर, तू दखं ते खरंच व्हतं. मीच तुले मांगे बठाडं, अन वरथीन तुलेच आंधळी म्हनं. मनं चुकनं.”

सुंदरबाईने बराच वेळ पदराने डोळे पुसले. रडू कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. आपलं डोकं ठिकाणावर होतं, आपले डोळे ठिकाणावर होते आणि समोर आपला भाऊ बसला होता. तिला फार बरं वाटत होतं. मग ती म्हणाली, “आते दुसरा लाव. माले तो एकदाव नीट दखना शे.”

“दख. पन पुढे बठीसन दख,” वाल्मीक म्हणाला. मग ताईबाईकडे वळून त्याने सांगितलं, “अन सूनले बी पुढे बठाड. आखाजी शे. मी बठस आठे.”

असं कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्यांपैकी एकाने खाकरून बघितलं, पण घरधनीच स्वयंपाकघरात जाऊन बसल्यावर कुणाला काय बोलायचं राहिलं? सुंदरबाईने मंजुळाचा हात धरला आणि तिला पुढच्या चटईवर आपल्या शेजारी बसवलं. शेंगांचं सूपही सोबत आणलं.

दुसरा पिक्चर सुरू झाला. खोटी शकू शोधायची नव्हती, त्यामुळे सुंदरबाईला तो आता पहिल्यांदाच मोकळ्या मनाने बघता आला. खरं सांगायचं तर पहिल्याची सर त्याला नव्हती. मुनीमजी थकलेले दिसत होते. गुप्तहेराच्या मिशा पहिल्या भागात एकदा पडल्या तेव्हा पोट धरून हसू आलं होतं, ह्यात त्या दर पाच मिनिटांनी पडत होत्या. गाणी उगाच लांबवली होती. पण गाईत लपलेली दोन माणसं, पुढचा एकीकडे ओढतोय आणि मागचा दुसरीकडे, हे धुळ्याला तिने रागात बघितलंच नव्हतं. ते इतकं चांगलं होतं की ती मंजुळाच्या अंगावर कोसळली. मंजुळाचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला आणि तो कुणी नीट करायला सांगितला नाही. वाईट नव्हता पिक्चर. तिच्या डोक्यात जो होता, खऱ्या शकूला गोठ्यात कोंडलेला, तो मात्र ह्याच्यापेक्षा पुष्कळ भारी होता. तो उद्या झोक्यावर बायकांना सांगायचा, असं तिने ठरवलं.

लांब फाट्यावर संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला. झुंबरबाईने लेकीकडे बघितलं. लेक शेंगा खात होती. मग म्हातारी हळूच उठली, आतल्या खोलीत गेली आणि लेकीसाठी एक लुगडं काढून खाटेवर ठेवून आली.

पडद्यावर शकूचा चेहरा पुन्हा मोठा झाला. स्वयंपाकघरातून, आरशासमोरून, वाल्मीकचा आवाज आला. थोडा चकित झालेला, आणि अगदी मनापासून.

“सुंदर, हाई शकू खोटी शे व. हिना तीळ उजवा गालवर शे.”

खोलीत एवढा हशा उठला की मुनीमजींचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. सुंदरबाईने मागे वळूनही बघितलं नाही. तोंडातली शेंग संपवली.

“पिक्चर समजाले डोकं लागस, भाऊ,” ती म्हणाली आणि चटईवर थोडी सरकली. “ये, पुढे ये. जागा शे.”